देवाच्या बांधाची कोरडी बाजू

पृथ्वी माणसाला राहता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली आहे, आणि त्यातही नंदुरबार जिल्हा बनवताना देवाने जरा जास्त मन लावलंय, असं माझ्या वडिलांचं ठाम मत आहे. आबा प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण हातात काठी आली की ती अजून आपोआप समोरच्या डोंगराकडे वळते आणि तास सुरू होतो. उत्तरेला सातपुडा का? थंडीचा वारा अडवायला. माती काळी का? कापसाला ओल धरून ठेवायला. तापी पश्चिमेकडे का वाहते? सगळ्याच नद्या पूर्वेला गेल्या असत्या तर सुरतवाल्यांनी प्यायचं काय? उनपदेवला जमिनीतून ऊन पाणी येतं, त्याचं कारण तर त्यांना तोंडपाठ आहे. म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात सरपण न जाळता अंघोळ करता यावी म्हणून.

मी भूगर्भशास्त्र शिकले ते ज्ञानाच्या ओढीने, असं मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं होतं. खरं कारण एवढंच की आबांना एकदा तरी गप्प करायचं होतं.

ते काही जमलं नाही. पहिल्याच सुट्टीत घरी आले आणि ओट्यावर बसून त्यांना सांगितलं की हा सगळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ते म्हणाले, "बरं झालं. देवाने घाई केली नाही, म्हणून काम पक्कं झालं." मग म्हणाले, नंदुरबारला मिरची वाळवायला अशी सपाट, तापणारी जमीन लागते, ती उगाच आली का? मी म्हटलं, आबा, लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आला आणि मिरची आपल्याकडे चार-पाचशे वर्षांपूर्वी बाहेरून आली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "देव लांबचं बघतो." आता यावर माणसाने काय बोलावं? मी डोकं धरून आत गेले.

आबांच्या देवाचं आणखी एक आहे. तो शाळेतल्या मराठीत बोलतो. रचना, प्रयोजन, योजना असे शब्द आबा फक्त देवासाठी राखून ठेवतात. घरात, वावरात, दूध घालताना आम्ही सगळे अहिराणीच बोलतो. वाद हरायला लागले की आबाही शाळेतून उतरून अहिराणीवर येतात, त्यामुळे कोण जिंकतंय ते स्वयंपाकघरात बसलेल्या आईलाही कळतं.

त्यांच्या सगळ्या पुराव्यांत मोठा पुरावा आमच्या वावरातच आहे. नंदुरबारहून विसरवाडीकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडांच्या लांबच लांब रांगा दिसतात. सपाट रानातून निघतात आणि कोसभर सरळ जातात. त्यातली एक रांग आमच्या जमिनीच्या मधोमध गेली आहे. जवळ गेलात तर ठोकळ्यावर ठोकळा चढवलेला दिसतो, अगदी गवंड्याने हात फिरवल्यासारखा. गावात तिला देवाचा बांध म्हणतात. जमिनीला मोठी भेग पडली, खालून लाव्हा वर आला, भेगेतच थंड झाला, आकसला आणि ठोकळ्यांसारखा चिरला. नंतर आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि हा उभा राहिला. हे मी आबांना तीनदा चित्र काढून समजावलं. चित्र त्यांनी जपून ठेवलं आणि गणपतीत मंडळासमोर देवाच्या योजनेवर बोलताना तेच दाखवलं. वर सांगितलं, "माझ्या मुलीनेही हे सिद्ध केलेलं आहे."

मी चौथीत असताना आजोबांनी दोन भावांची वाटणी केली, ती याच बांधावर. दक्षिणेकडची बाजू आबांना, उत्तरेकडची काकांना. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. तेव्हापासून आबांचं व्याख्यान संपायचं ते इथेच. भावाभावांत भांडण होऊ नये म्हणून देवाने कोट्यवधी वर्षं आधी बांध घालून ठेवला. मोजणी नको, खुणेचे दगड नकोत. काका बहुधा तिथेच बसलेले असायचे. सकाळचा चहा ते आबांच्याच ओट्यावर घेत. या वाक्याला ते बशीत बघत मान हलवायचे.

आता खरं सांगते. असा दगडी बांध जमिनीच्या वर असतो त्यापेक्षा खाली कितीतरी खोल गेलेला असतो. आमच्याकडे जमिनीचा उतार दक्षिणेकडून उत्तरेला, तापीकडे. मुरलेलं पाणी जमिनीखालून त्याच वाटेने निघतं आणि बांधाला येऊन अडतं. म्हणून आबांच्या विहिरीत भर वैशाखात पोरं उड्या मारायची आणि पलीकडे काकांची विहीर होळीच्या आत तळ दाखवायची. मला हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. काकांना बोलले नाही. बापाच्या विहिरीवर वाढलेली मुलगी, कोणत्या तोंडाने सांगणार? सरकारी नोकरीत मी गावोगाव फिरून लोकांना पाणी कुठे आहे ते सांगितलं, आणि माझ्या घरच्या माणसापुढे गप्प बसले. याची मला अजून लाज वाटते.

यंदा काकांची विहीर संक्रांतीनंतरच कोरडी पडली. पपईची झाडं त्यांनी हाताने लावलेली, पोटच्या पोरांसारखी सांभाळलेली, ती उभ्याउभ्या वाळायला लागली. त्यांचा मुलगा सुरतला असतो. तो म्हणत होता, या आता इकडे, खूप झालं. नवापूरचा एक पोल्ट्रीवाला शेड टाकायला जमीन बघत होता, तोही येऊन वावर पाहून गेला. काकांनी मला फोन केला. म्हणाले, "बेटा, तू सरकारनी पानीवाली शे. मन्हा वावरमा एक जागा दखाड. पानी लागनं तं मी आठेच मरसू. नही लागनं तं आखाजीनंतर सुरत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. काकांनी गावात राहायचं की जायचं, हे सगळं माझ्या एका जागेवर आलं होतं. मी धुळ्याहून, माझ्या सासरहून, रविवारी पाणी शोधायचं यंत्र घेऊन गेले. काकांनी स्वतः तारा ओढल्या, खुंट्या ठोकल्या, उन्हात माझ्या डोक्यावर छत्री धरली. चार ठिकाणी पाहिलं. चारही ठिकाणी खाली कोरडा दगड. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. घरी जाऊन नीट लिहून पाठवते म्हटलं आणि पळाले.

आणि लिहिलं ते कसं, तर कार्यालयीन मराठीत. वीस वर्षांची सवय. आम्ही त्या दगडी बांधाला अहवालात 'भित्ती' म्हणतो. मी मोबाइलवर लिहिलं की सदर क्षेत्राच्या दक्षिण हद्दीस भित्ती असल्याने तेथे विहीर खोदण्याची शिफारस करता येत नाही. मोबाइलला हा शब्द कुठला माहीत असायला. त्याने तो आपल्या मनाने सुधारला आणि मीही न वाचता पाठवून दिला. काकांना मिळालं ते असं: सदर क्षेत्राच्या दक्षिण हद्दीस भीती असल्याने तेथे विहीर खोदण्याची शिफारस करता येत नाही.

दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्यात निरोप सरकारी भाषेत. दुपारपर्यंत तो न वाचलेला माणूस गावात राहिला नाही. एकाला आठवलं की त्याचा बैल तिथे एकदा अडला होता. एकीला आठवलं की तिच्या सासूला तिथेच चक्कर आली होती. सासूला चक्कर तीन ठिकाणी आली होती, पण बाकीची दोन ठिकाणं लगेच रद्द झाली. विहीर खोदणाऱ्या माणसांनी कळवलं की आम्हाला लग्नसराई आहे. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्याने तर फोनवरच हात वर केले. म्हणाला, घाबरलेली कोंबडी अंडं देत नाही.

पहिला फोन आबांचा आला. शाळेच्या मराठीत. "शासकीय अधिकाऱ्याला असं लिहिणं शोभत नाही. देवाच्या रचनेत भीतीला स्थान नाही." माझं डोकं असं फिरलं की मी त्यांनाही धड काही सांगितलं नाही. तेवढ्यात काकांचा फोन आला. त्यांचा आवाज अगदी हळू.

"बेटा, तठे कोन शे, सांगी दे. बाई शे का मानूस?"

"कोणी नाही काका. भीती नाही, भित्ती. माझा मोबाइल चुकला."

"भित्ती म्हनजे?"

आणि मग मला आपल्या घरचा शब्द आठवला. अहिराणीत भिंतीला भीत म्हणतात. एवढा सोपा शब्द लिहिला असता तर कुणाच्या सासूच्या चक्करेपर्यंत गोष्ट गेलीच नसती. मी म्हटलं, "काका, भीत. आपली भीत."

"कोनती भीत?"

"देवाचा बांध."

 काकांनी एकेक शब्द नीट उच्चारून विचारलं, "म्हनजे मन्हं पानी पल्याड अडकेल शे. भाऊनी बाजूले."

मी हो म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ओरडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

भीती गेल्याचं कळल्यावर पोल्ट्रीवाला पुन्हा तयार झाला. कोंबड्यांना भिंत चालते. काकांनी त्याला आखाजीनंतर ये म्हणून सांगितलं. आबांच्या ओट्यावरचा चहा त्यांनी बंद केला. भांडले नाहीत, बोलले नाहीत, फक्त यायचे थांबले. आई रोज सवयीने तीन कप मांडायची आणि एक परत उचलायची.

मी आखाजीला माहेरी आले तेव्हा आबांची व्याख्यानं दुपटीने वाढली होती. मी सरळ विचारलं, बांध देवाने घातला ना, मग काकांच्या बाजूला काय योजना होती त्याची? आबा म्हणाले, "प्रत्येकाची परीक्षा असते." आई पुरण वाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "परीक्षा त्यानी, पन पानी तुमनं." आबांनी चष्मा पुसला. मला वाटलं आता अहिराणीत येतील, पण ते उठून गोठ्यात गेले.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, हे सगळं खरं. पण सणाचं खरं काम असतं घागर भरायचं. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी मातीची घागर ताज्या पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, नैवेद्य दाखवायचा. वर्षातून एक दिवस पितर तहान भागवायला येतात. वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांत आजोबांची वेगवेगळी घागर भरतात. आमची घागर आबांनी पहाटेच आपल्या विहिरीवरून भरून आणली होती.

पूजा झाल्यावर आई म्हणाली, काकांना जेवायला बोलावून आण. मी म्हटलं, ज्यांनी त्यांचं पाणी घेतलं त्यांनी बोलवायला जावं. हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं. आबांनी टोपी घातली आणि निघाले. काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून मीही मागोमाग गेले.

काकांच्या घरात गव्हाच्या राशीवर नवी कोरी घागर होती, आणि काकू तिच्यात वीस लिटरच्या निळ्या जारमधून पाणी ओतत होत्या. लग्नात, दुकानात असतो तोच जार. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, थंड व शुध्द पाणी. आबा दारातच थांबले. मला वाटतं पहिल्यांदा त्यांना अक्षरंच दिसली, कारण शुद्ध हा शब्द अशुद्ध छापला होता. मग त्यांना बाकीचं दिसलं.

"आपल्या वडिलांना जारचं पाणी पाजतोस?"

काका खाली बसूनच होते. "हेर कोरडी शे. टँकरना पानीमा गाळ व्हता. हाई शुद्ध शे, लिखेल शे त्यावर."

"माझ्या विहिरीचं आणायचं होतं."

"तुन्हं पानी तुन्ही घागरमा शे. हाई मन्ही घागर शे." मग काका आबांकडे न बघता म्हणाले, "पुढला साल घागर सुरतमा."

मला एरवी वादात बोलायला आवडतं, तिथे नको वाटलं. तरी विचारलंच. म्हटलं, आबा, आजोबा एकच. त्यांना एका घरी विहीर आणि एका घरी जार, ही कसली योजना? आबांनी तोंड उघडलं. "त्यामागे निश्चितच काही प्रयोजन..." एवढं बोलले आणि थांबले. घागर अर्धी भरली होती. काकूंनी जार खाली ठेवला.

आबा उंबऱ्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आणि अहिराणीत बोलायला लागले, पण माझ्याशी वाद घालताना बोलतात तसं नाही. काकांना म्हणाले, "बापनी माले सांगं व्हतं, तू मोठा शे, पयले तू बाजू निवड. आदला दिन मी दोन्ही बाजू फिरी उनू. वैशाख व्हता. दक्षिणले जांभूळनं झाड हिरवं व्हतं. तुन्ही बाजूनं वाळी जायेल व्हतं. मी बापले सांगं, माले दक्षिण दे."

 मी पंचेचाळीस वर्षांची बाई, पण मला चौथीतल्या मुलीसारखं विचारावंसं वाटलं आणि मी विचारलं. "आणि देव?"

"देवले मी नंतर शोधी काढं," आबा म्हणाले. "बांध देवनाच शे, ते मी अजून सांगस. पन बाजू मी निवडेल शे."

एवढी वर्षं मी लाव्हा, भेगा, कोटी कोटी वर्षं घेऊन ज्या माणसाशी भांडत होते, त्याला माझ्याआधी सगळं माहीत होतं. एका जांभळाच्या झाडावरून. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना.

काकांनी धोतराच्या सोग्याने हात पुसले. "माले माहीत शे, भाऊ. त्या दिन मी वावरमाच व्हतू. तुले फिरतांना मी देखं व्हतं."

आबांनी मान वर केली. "मंग बोलना कसा नही? पस्तीस वरीस?"

"कसा बोलू? दुसराच दिन तू देवले मधमा लई उना. तुन्हासंगे मी भांडतू. देवसंगे कसा भांडू?"

  आबांनी टोपी डोक्यावर घातली, उंबऱ्याला हात टेकून उठले आणि विचारलं, "तुन्हापान दोरी शे का?"

"कसाले?"

"मन्ही हेर ते तुन्हं वावर, पाइप कितला लागी ते मोजू."

काकू म्हणाल्या, भर दुपार आहे, आधी जेवा. आबा म्हणाले, जेवन मंग. काका जरा वेळ तसेच बसून राहिले.  मग ते उठले, खुंटीवरून दोरीचं वेटोळं काढलं, एक टोक भावाच्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या हातात धरून उन्हात निघाले.